साडेसातला बंद पडणारा एसी: जुन्या दगडी घरातलं दुखणं कुठे शोधायचं

लक्षणं आधी सांगते. तुमच्याकडे हेच होत असेल तर पुढे वाचा.

दीड टनाचा साधा स्प्लिट एसी, इन्व्हर्टर प्रकारातला नसलेला, सोबत स्टॅबिलायझर. सकाळी लावा, दुपारी लावा, खोली गार. पण मे महिन्यात संध्याकाळचे सात-साडेसात वाजले की स्टॅबिलायझरमधून ‘टक्’. एसी बंद. तीनेक मिनिटं शांतता. पुन्हा ‘टक्’, एसी सुरू, कॉम्प्रेसर घुमायला लागतो न लागतो तोच पुन्हा ‘टक्’. नऊ-साडेनऊपर्यंत हाच खेळ. अकरानंतर मात्र शहाण्यासारखा चालतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री येतो तेव्हा तर असा गार वारा फेकतो की मिस्त्री आपल्याकडेच संशयाने बघतो.

आमच्याकडे हे चार उन्हाळे चाललं. ग्वाल्हेरचा मे म्हणजे दुपारी पारा ४४-४५ आणि दिवे लागले तरी गच्चीवर पाय ठेवता येत नाही. घर शहराच्या लष्कर भागात, जनकगंजच्या एका गल्लीत, सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं. इथल्याच वालुकाश्माच्या दोन फुटी भिंती, मधे चौक, वरच्या मजल्याला गर्डरवर टाकलेल्या दगडी पटिया आणि त्यावर चुन्याचा कोबा. पाहुणे म्हणतात, “काय थंड असेल नाही हो घर!” खालचा मजला असतो. वरचा दुपारी तीनपर्यंत असतो.

चार उन्हाळ्यांत तीन वेळा गॅस भरून झाला. दर वेळी तेच वाक्य, “भाभीजी, गैस कम है।” पहिल्यांदा विश्वास ठेवला, दुसऱ्यांदा ठेवला, तिसऱ्यांदा पैसे देताना डोक्यात आलं की गॅस कमी असता तर दुपारी बारा वाजताही कमीच असायला हवा होता. तो काय संध्याकाळी फिरायला जातो?

एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती शोधल्याशिवाय वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. खरंच कमी असेल तर खुणा दिसतात: आउटडोअरला जोडलेल्या बारीक नळीवर बर्फ धरतो, पितळी नटांपाशी तेलकट डाग येतो, आणि हवा दिवसभर कोमटच येते. इनडोअरच्या वर शिरणाऱ्या आणि खालून निघणाऱ्या हवेत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडायला हवा. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं धरला तरी कळतं. आमच्याकडे दुपारी ११ अंशांचा फरक होता. म्हणजे गॅस ठीक.

भरायचाच झाला तर तीन गोष्टींचा आग्रह धरा. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायची, व्हॅक्यूम पंप लावून नळ्या रिकाम्या करायच्या, आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. युनिटच्या पट्टीवर ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं. काटा आणला नसेल तर चहा पाजून परत पाठवा. जुन्या यंत्रात आर-२२ असतो, नव्यांत बहुतेक आर-३२. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. शिवाय आर-३२ थोडाफार पेट घेणारा आहे, तेव्हा पेटती बिडी तोंडात ठेवून त्याची जोडणी करणाऱ्याला गच्चीवर चढू देऊ नका. हसू नका, मी पाहिलंय.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरून. दूधवाल्याचे खाडे मी तिथेच मांडते, त्याच्या शेजारी एसी बंद पडल्याची वेळ लिहायला लागले. ७.२५. ७.४०. ७.३५. रविवारी ७.१०. एका शनिवारी गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचं काम चाललं होतं आणि अर्ध्या मोहल्ल्याची वीज बंद होती. आमची चालू होती, आणि त्या दिवशी एसी एकदाही पडला नाही. यंत्र बिघडलेलं असतं तर शनिवार बघून थोडंच सुधारलं असतं? तिथपासून मी एसीकडे बघणं सोडलं आणि घराकडे बघायला लागले. तुम्हीही मिस्त्रीला फोन करण्याआधी आठवडाभर नुसती वेळ लिहा. कितीला बंद पडला, कितीला सुरू झाला, शेजारी काय चालू होतं. जुन्या घरात हेच निम्मं निदान असतं.

तर साडेसातला काय होतं? पहिलं, गल्लीतले सगळे एसी, कूलर आणि पाण्याच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली येतं. दुसरं, दुपारी तापलेल्या दगडी छताची उष्णता आत उतरायला तेव्हाच सुरुवात होते. तिसरं, आउटडोअर जिथे बसवलाय ती जागा तेव्हा भट्टी झालेली असते. ज्या वेळी यंत्राला सर्वांत जास्त काम, त्याच वेळी त्याला सर्वांत कमी वीज.

आता व्होल्टेज. इथेच सगळे फसतात, आम्हीही फसलो. मिस्त्रीने एसी बंद ठेवून व्होल्टमीटर लावला आणि म्हणाला, “वोल्टेज तो एकदम सही है।” बंद असताना सही असणारच, कारण तारेतून प्रवाहच जात नसतो. व्होल्टेज मोजायचं ते कॉम्प्रेसर चालू असताना, आणि दोन ठिकाणी: खाली दारातल्या विजेच्या मीटरपाशी आणि वर एसीच्या सॉकेटवर. सॉकेटचा आकडा बऱ्याच स्टॅबिलायझरवर ‘इनपुट’ म्हणून दिसतोच. खालचा आकडा ओळखीच्या वायरमनकडून घ्या, चालू बोर्डात स्वतः हात घालू नका.

आमचे आकडे असे. सकाळी अकरा वाजता मीटरपाशी २२६, वर सॉकेटवर २०२. संध्याकाळी ७.४० ला मीटरपाशी १९१, वर १६७. स्टॅबिलायझर १७० च्या खाली वीज तोडतो. तोडली की भार जातो, वरचा आकडा पुन्हा मीटरइतका चढतो, स्टॅबिलायझरला वाटतं सगळं आलबेल. तीन मिनिटांनी जोडतो, कॉम्प्रेसर ओढायला लागतो, आकडा पुन्हा कोसळतो. ‘टक्’.

दोन्ही वेळी मीटर आणि सॉकेट यांच्यात २४ व्होल्टचा फरक होता. म्हणजे वीज कंपनीकडून कमी येत होती ते खरंच, पण २४ व्होल्ट आमच्याच घरात कुठेतरी गडप होत होते. क्लॅम्प मीटरवर प्रवाह ९ अँपिअर. २४ गुणिले ९, दोनशेहून जास्त वॅट. एवढी उष्णता भिंतीच्या आत कुठेतरी रोज संध्याकाळी तयार होत होती आणि आम्ही तिच्याच खाली जेवत होतो.

वायरमनने मेन बंद करून तारा झाकणाऱ्या केसिंगची लाकडी पट्टी उचकटत उचकटत माग काढला. माजघरातल्या कपाटामागे एक लाकडी डबी निघाली. झाकण उघडताच जुन्या रेडिओला येतो तसा जळका वास. आत अॅल्युमिनियमची तार आणि तांब्याची तार एकमेकींना नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली. टेप वितळून काकवीसारखी ओघळली होती आणि मग घट्ट झाली होती. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, तांब्यावर काळपट हिरवा थर, आणि तारेवरचं आवरण नखाने दाबलं तर त्याचा भुगा झाला. डबीचं तळाचं लाकूड कोळसा झालेलं.

अॅल्युमिनियम तापलं की तांब्यापेक्षा जास्त फुगतं, थंड झालं की आकसतं. रोज फुगून आकसून सांधा सैल पडतो, मधे ऑक्साइडचा थर येतो, थरामुळे आणखी तापतो. शिवाय मूळ तार होती दीड चौरस मिलीमीटरची, दिवा-पंख्यासाठी घातलेली. मीटरपासून मागच्या खोलीपर्यंत २५ मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन पन्नास. आठ-नऊ व्होल्ट त्या तारेतच जात होते आणि बाकीचे सांध्यात. नुसत्या सांध्यात सव्वाशे वॅटच्या वर.

आणि आम्ही काय केलं होतं? दुसऱ्या उन्हाळ्यात मोठा स्टॅबिलायझर आणला होता. स्टॅबिलायझर वीज बनवत नाही. पुढे व्होल्ट वाढवून देतो तेव्हा मागून तितका जास्त प्रवाह ओढतो. म्हणजे आधीच तापलेल्या सांध्यावर आणखी भार. औषध म्हणून विकत घेतलं आणि दुखणं वाढवलं.

उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: एसीसाठी मीटरपासून थेट वेगळी लाइन. चार चौरस मिलीमीटर तांब्याची तार, मधे एकही सांधा नाही, तिचा स्वतःचा २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका), आणि खोलीत साध्या सॉकेटऐवजी एसी बॉक्स. आता ९ अँपिअरला फरक दोन व्होल्टच्या आसपास येतो. दगडी भिंती खणायला लागू नका, धूळ आणि खर्च दोन्ही फुकट. पीव्हीसी पट्टीतून बाहेरून न्या. आमच्या आईंना (सासूबाईंना) ती पांढरी पट्टी आवडली नाही, दिवाळीला भिंतीच्या रंगात रंगवली, आता दिसत नाही.

मीटरपाशीच १९१ येत होते त्याचं काय? पुरवठा २३० व्होल्टचा, ६ टक्के इकडे-तिकडे धरून चालतात, म्हणजे २१६ च्या खाली यायला नको. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही. तारीख, वेळ आणि आकडा लिहून अर्ज दिला, पोच घेतली, तिसऱ्या आठवड्यात लाइनमनने खांबावर आमचा फेज बदलला, म्हणजे तिथल्या तीन तारांपैकी दुसरीवर आम्हाला जोडलं. संध्याकाळी आता दोनशेच्या वर राहतो, अगदी वाईट दिवशी १९५.

एक धोक्याची खूण मधेच सांगते, विसरायला नको. एसी सुरू होताना दिवे क्षणभर मंदावले तर ते व्होल्टेज पडल्याचं लक्षण. पण घरातले काही दिवे मंद आणि काही एकदम प्रखर झाले तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सैल आहे. थ्री फेज जोडणीच्या घरात तेव्हा एखाद्या खोलीत ३०० व्होल्टच्या वरही जाऊ शकतात. मेन बंद करा आणि लगेच माणूस बोलवा. फ्रिज, टीव्ही, राउटर एकदम जातात.

लाइन बदलल्यावर ‘टक्’ थांबलं. मी पेढे वाटले नाहीत ते बरं झालं, कारण चार दिवसांनी नवंच सुरू झालं: पंखा चालू, हवा येते, पण गार नाही. आउटडोअर गुरगुरतो आणि गप्प बसतो. पुन्हा संध्याकाळीच.

आउटडोअर आमच्या आणि शेजारच्या घरामधल्या बोळात होता. अडीच फुटी बोळ. समोर शेजाऱ्यांचा आउटडोअर, तोंडाला तोंड लावून. ते आम्हाला गरम हवा फेकणार, आम्ही त्यांना. गच्चीवरून दोरीने थर्मामीटर सोडला. चौकात ४१, बोळात ५२. एवढ्या गरम हवेत कॉम्प्रेसरने खोलीतली उष्णता टाकायची कुठे? तो तापतो, आतला ओव्हरलोड (जास्त तापलं की वीज तोडणारा खटका) सुटतो आणि तासभर तरी गप्प बसतो. त्याच उष्णतेने कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला उठायला जोर देणारा डबा, तोही मऊ पडला होता. वर ५० मायक्रोफॅराड लिहिलेलं, मोजला तर ३८. कपॅसिटर ही काही शेकड्यांतली वस्तू आहे, पण ती गेली की कॉम्प्रेसर उठताना कण्हतो आणि सगळ्यांना वाटतं कॉम्प्रेसरच गेला. नवा कॉम्प्रेसर सांगितला तर आधी कपॅसिटर मोजून दाखवा म्हणा. बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असते, मात्र, त्याला हात मिस्त्रीनेच लावायचा.

आउटडोअर गच्चीवर नेला, जिन्याच्या खोलीच्या उत्तर भिंतीला, मागे फूटभर जागा सोडून, समोर काही नाही. वर पत्र्याची पडवी काढली, पण पत्रा दोन फूट उंच. काही लोक युनिटला टोपी घातल्यासारखा पत्रा चिकटवतात, त्याने गरम हवा तिथेच कोंडते. नळी लांबली म्हणून थोडा गॅस जास्त लागला. चारांतला तेवढा एक खर्च मला पटला.

छताचं काम सर्वांत स्वस्त होतं आणि तेच मी शेवटी केलं. मुलाकडून तो कपाळाचा नव्हे, कारखान्यातला तापमान मोजायचा बंदुकीसारखा थर्मामीटर मागवला. खोलीच्या छताखालून पटिया मोजली: दुपारी चारला ३७, रात्री नऊला ४४. दगड आणि कोबा मिळून सहा-सात तासांनी दुपारचं ऊन आत पोचवतात. बाहेर लू थांबलेली असते आणि डोक्यावर तवा असतो. चैत्र संपायच्या आत गच्चीला चुन्याचे तीन हात दिले, चुन्यात थोडं पांढरं सिमेंट. मे महिन्यात रात्री नऊला तीच पटिया ३८-३९. सफेदी पावसाळ्यात निघून जाते, दर वर्षी द्यावी लागते, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या पायांना लागून घरभर ठसे उमटतात. तरी करा.

त्या खोलीला छतालगत दोन रोशनदानं आहेत. एसी लावून ती उघडी ठेवणं म्हणजे फ्रिजचं दार उघडं ठेवणं. फोमच्या पट्टीने बंद केली, पण कायमची बुजवली नाहीत. त्याचं कारण कूलर. आमच्या ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात एप्रिलपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कूलरसारखं दुसरं काही नाही, आणि त्याला हवा बाहेर जायला वाट लागते. खिडकीत कूलर आणि बाकी सगळं बंद, असं केलंत तर तासाभरात गादी चिकट होते. समोरचं दार किंवा रोशनदान उघडं हवं. पहिल्या सरी आल्या की कूलर गुंडाळून ठेवा, दमट हवेत तो फक्त दमटपणा वाढवतो. आणि एकाच खोलीत एसी आणि कूलर दोन्ही लावणाऱ्यांना हात जोडते: एक हवेत पाणी घालतो, दुसरा तेच काढत बसतो, बिल तुम्ही भरता.

लोखंडी कूलर असेल तर अर्थिंग आधी तपासा. जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधायची पद्धत होती. मग कधीतरी पाइप सडतो, प्लंबर प्लॅस्टिकचा टाकतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही की त्या दिवशी घराची अर्थिंग गेली. आमच्याकडे हेच झालं होतं. ओल्या हाताने कूलरला मुंग्या येतात म्हणून आई वर्षभर रबरी चपला घालून पाणी भरत होत्या, कुणाला बोलल्या नाहीत. चौकात खड्डा घेऊन नवी अर्थिंग केली, मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच पडणारा खटका) बसवला.

तो बसवताक्षणी पडला. वायरमन म्हणाला, काढून टाकू, जुन्या घरात हे चालत नाही. चालतं. वरच्या जिन्याच्या ट्यूबलाइटचा न्यूट्रल कधीकाळी खालच्या भाडेकरूंच्या लाइनवरून उसना घेतला होता. आरसीसीबीला गेलेला प्रवाह तेवढाच परत यायला हवा असतो, उसनवारी त्याला चालत नाही. दीड दिवस शोधण्यात गेला. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा, पडला पाहिजे.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. जुलैत एसीच्या खालून पाणी, आणि त्याच भिंतीवर वर ओल. आम्ही छत गळतंय म्हणून दोनदा वॉटरप्रूफिंग केलं! पुन्हा वेळच बोलली: पाऊस नसलेल्या दमट रात्री जास्त पाणी, आणि पाऊस पडत असताना एसी बंद असला तर भिंत कोरडी. मे महिन्यातल्या कोरड्या हवेतून एसी रात्रभरात तांब्याभर पाणी काढतो, जुलैत अर्धी बादली. ते वाहून न्यायची नळी दोन फुटी दगडातून गेली होती, आणि भोक पाडणाऱ्याने ड्रिल सरळ धरलं होतं, बाहेरच्या बाजूला किंचित वरच. नळीला मधे पोट आलं, पोटात शेवाळ.

तपासायचं कसं? इनडोअरची जाळी काढून खालच्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी हळूहळू ओता. बाहेर धार लगेच आली पाहिजे. थबकत, गुळगुळ करत आली तर उतार चुकलाय. बाहेरून फुंकर मारून किंवा पंपाने साफ करून महिनाभर निघतो, पण उतार चुकलेला असेल तर पुन्हा तेच. साध्या विटेच्या भिंतीत भोक वाकवता येतं, दगडात नाही. आम्ही कोअर कटरने बाहेरच्या अंगाला बोटभर खाली जाईल असं नवं भोक पाडून घेतलं. नळीचं बाहेरचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवू नका, हवा अडकते आणि पाणी मागे येतं.

वरची ओल मात्र नळीची नव्हती. गार गॅस नेणाऱ्या जाड नळीवरचं काळं आवरण भिंतीच्या आत फाटलं होतं. त्या उघड्या तांब्यावर दव धरत होतं, ताकाच्या ग्लासवर धरतं तसं. नवीन आवरण, वर टेप, दहा मिनिटांचं काम. वॉटरप्रूफिंगचे पैसे गेले ते गेलेच. आणि इनडोअरवर बर्फ धरून मग पाणी गळत असेल तर सगळ्यांत आधी जाळी धुवा. उन्हाळ्यात इथल्या धुळीने ती पंधरा दिवसांत चादरीसारखी होते.

थंडीबद्दल थोडंच, कारण मूळ तेच. जानेवारीत रात्री पारा ५-६ वर येतो आणि हे दगड उन्हाळ्यात जसे रात्री तापतात तसे आता दिवसभर गार राहतात. २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, म्हणजे एसीइतकाच. तो सहा अँपिअरच्या सॉकेटात मल्टिप्लग लावून चालवायचा आणि मग प्लग वितळला म्हणून हीटरच्या कंपनीला शिव्या द्यायच्या, हे दर घरात. एसीसाठी जी नवी लाइन टाकाल तिच्यावरच एक १६ अँपिअरचं सॉकेट घ्या, दोन्ही एकदम कधीच लागत नाहीत. कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, कितीही आठवणी असल्या तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

गिझरलाही वेळेचंच गणित लावा. बटण दाबताक्षणी एमसीबी पडला तर शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटांनी पडला आणि बोर्ड गरम लागला तर सैल टर्मिनल. एमसीबी तसाच आणि आरसीसीबी पडला तर आतली कॉइल तडकून पाण्यात वीज उतरतेय, त्या दिवशी त्या पाण्याने आंघोळ नाही. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षाराचा दगड चढतो, वर्षातून एकदा उघडून साफ करा.

आता पुढचा एसी घ्यायचा तर? मी इन्व्हर्टरचा, गार-गरम दोन्ही देणारा घेईन. हीटर एका युनिटाला एका युनिटाचीच ऊब देतो. हा बाहेरची उष्णता आत ओढत असल्यामुळे आमच्याकडच्या थंडीत सुमारे तिप्पट देतो. अधूनमधून तो आपोआप थांबेल आणि आउटडोअरमधून वाफ येईल. तो धूर नव्हे, साठलेलं हिम वितळवतोय. इन्व्हर्टर हळू उठतो, कमी व्होल्टेजही बऱ्यापैकी सोसतो, पण त्याचा सर्किट बोर्ड महाग आणि पालींना त्याची ऊब फार प्रिय. आउटडोअरच्या तारांच्या भोकांत जाळी किंवा पुट्टी भरा. आमच्या खालच्या काकूंचा बोर्ड एका पालीने घालवला आणि पाल मिस्त्रीने पुरावा म्हणून कागदात गुंडाळून आणून दाखवली.

पण नवा एसी घेण्याच्या आधी लाइन, अर्थिंग आणि सफेदी. आमच्यासारखं उलट्या क्रमाने केलंत तर नवा एसीही साडेसातलाच बंद पडेल. २०२० पासून नवे एसी चालू केल्यावर आपोआप २४ वर येतात, तिथेच राहू द्या. १८ करून खोली लवकर गार होत नाही, फक्त थांबायला उशीर होतो.

आमचा जुनाच एसी अजून चालतोय. दिनदर्शिकेवर या मे महिन्याच्या पानावर दुधाचे चार खाडे आहेत आणि एसीची एकच नोंद: ‘७.५० ला बंद’. धावत वर गेले तर चिरंजीवांनी रिमोटवर टायमर लावून ठेवला होता.